वजन हालून राहिलं, थोडा थांब

त्या वर्षी दिवाळी झाली, गावोगाव मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, तरी दामिनी रहांगडालेला उसंत नव्हती. गोंदियात तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिच्या गिऱ्हाइकांपैकी बरेचजण अजून जुन्या विंडोजवरच काम ढकलत होते. कंपनी आता त्याला काही दुरुस्ती पाठवणार नाही, बदलून घ्या, असं ती दोन वर्षं सांगत आली होती. कोणी मनावर घेत नव्हतं. मग एकाची बँकेची साइट उघडेना, दुसऱ्याचं धान खरेदीचं पोर्टल उघडेना, आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका मिलचे सगळे हिशेब कोणीतरी दूर बसून कुलूपबंद करून टाकले. तेव्हा सगळ्यांना एकदम घाई सुटली.

काम तसं अवघड नव्हतं, पण चिकाटीचं होतं. जुन्यातलं सगळं आधी बाहेर काढून दोन ठिकाणी जपून ठेवायचं, नवीन मशीन लावायची, प्रिंटर जुळवायचा, आणि मग दिवाणजी घाबरायचा थांबेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहायचं. दामिनी कोणाला रागवत नसे. आल्या आल्या ती आधी सांगायची, तुमचं काही हरवणार नाही. लोक तिच्यावर विश्वास ठेवत.

राइस मिलच्या कामाला मात्र ती जरा गप्प गप्प जायची. तिथे वजनकाट्यावर जो प्रोग्राम होता, तो रुचिकाने लिहिलेला होता.

रुचिका लंजे. नवेगावबांधकडच्या कोहळी समाजातल्या घरातली. पूर्वजांनी गावचा तलाव बांधला, असं त्यांच्या घरात कोणीही आलं की चहाआधी सांगितलं जायचं. ती शिकायला गोंदियात आली आणि कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये दामिनीच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. क्लास संपल्यावर दोघींनी मिळून दुकान टाकलं. तेव्हा विंडोज सेव्हन नवीन होतं आणि मिलवाल्यांना काट्यावर कॉम्प्युटर हवा होता. दोघी एका स्कुटीवर बसून आमगाव रोड, तिरोडा रोड, बालाघाट रोड पालथा घालायच्या. मिलच्या फाटकात चौकीदार विचारायचा, मेकॅनिक कहाँ है? दामिनी टेबलाखाली शिरून वायरी जोडायची, रुचिका वर बसून प्रोग्राम लिहायची. संध्याकाळी दोघींच्या केसांत, भुवयांत धानाचा कोंडा भरलेला असायचा. एकमेकींकडे बघून हसत त्या घरी जायच्या.

रुचिकाने त्या प्रोग्रामला बोलायला लावलं होतं, तेही आपल्या झाडीबोलीत. ट्रक तिरपा उभा राहिला की पडद्यावर यायचं, ‘गाडी सरळ लाव जी’. काटा स्थिर होईपर्यंत यायचं, ‘वजन हालून राहिलं, थोडा थांब’. सायंकाळी प्रोग्राम बंद केला की, ‘जेवून घे आता’. पहिल्या मिलवाल्याला ते फारच गावठी वाटलं होतं. पण ड्रायव्हर आणि धान आणणारे शेतकरी खिडकीत डोकावून ते मोठ्याने वाचायचे आणि हसायचे, तेव्हा त्याने राहू दिलं. मग पुढच्या मिलवाल्यांनी मुद्दाम तसाच मागितला.

नंतर रुचिकाचं लग्न झालं. नवरा हिमांशू ओडिशातल्या राउरकेल्याच्या कारखान्यात नोकरीला होता. माणूस चांगला. ती गेली आणि दुकानात दोनातली एक खुर्ची रिकामी झाली. पुढे दामिनीचंही लग्न झालं, नागऱ्याला शेती असलेल्या खुशालशी. तो तिला कामावरून कधी काही बोलला नाही. फुलचूरला घर झालं. दुकान वाढलं, हाताखाली माणसं आली. तिला कमी असं काही नव्हतं. फक्त एखादी गोष्ट सुटली, बिघाड सापडला, की ती अजूनही मान वळवून बाजूला बघायची.

सुरुवातीला दोघी फोनवर खूप बोलायच्या. मग मुलं झाली, सासरची माणसं आली, फोन सणासुदीवर आले आणि मग सणाचे फोटोच तेवढे यायला लागले. चार वर्षांपूर्वी रुचिकाची आई गेली तेव्हा दामिनी नवेगावबांधला गेली होती. घर माणसांनी भरलेलं. रुचिकाने तिचा हात धरला, धरून ठेवला, आणि कोणीतरी बोलावलं म्हणून सोडला. बोलणं असं झालंच नाही.

आता एकेका मिलमधून दामिनी रुचिकाचा प्रोग्राम काढत होती. त्याच्या जागी नागपूरच्या एका कंपनीचा तयार प्रोग्राम बसत होता. तो जीएसटी करायचा, मोबाइलवर पावती पाठवायचा, सगळं चोख. काटा हलत असला की त्यावर ‘वेट नॉट स्टेबल’ असं यायचं. काम झालं की मिलवाले खूश व्हायचे. दामिनी आपलं सामान आवरून निघायची आणि स्कुटीवर बसल्यावर थोडा वेळ तशीच थांबायची.

शेवटची राहिली ती घनश्यामभाऊंची नागरा रोडवरची मिल. घनश्यामभाऊ मनाने दिलदार आणि बोलायला फटकळ. धान खरेदी तोंडावर आली होती, पोर्टल उघडत नव्हतं, आणि त्यांनी दामिनीला हिंदीतच बजावलं की हफ्ते में हुआ तो ठीक. काट्याच्या खोलीत उमराव बसायचा. साठीला टेकलेला माणूस, सुरुवातीपासून त्याच खुर्चीवर. नवीन मशीन बघून त्याने एवढंच विचारलं, “हे बी आपल्यासारखं बोलते का?”

“नाही जी,” दामिनी म्हणाली.

उमरावने मान हलवली आणि तो ट्रकच्या नंबराकडे बघायला लागला.

अडचण आली ती नावांची. बाकीच्या मिलांनी फक्त गाडीचा नंबर ठेवला होता. घनश्यामभाऊंच्या वडिलांनी मात्र तेव्हा हट्ट धरला होता की शेतकऱ्याचं नाव आणि गाव मराठीत पाहिजे, पावती त्याला वाचता आली पाहिजे. त्या काळचा मराठी फॉन्ट म्हणजे वरवरचा रंग. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असायची, डोळ्यांना ती मराठी दिसायची. त्यात काही जोडाक्षरं फॉन्टमध्ये नव्हती, ती रुचिकाने आपल्या मनाने काहीबाही चिन्हं देऊन बसवली होती. नवीन मशीनवर सगळं नेलं तर चैतराम पटले या नावाच्या जागी दोन कंस, एक टक्क्याचं चिन्ह आणि तुटकी अक्षरं. एवढ्या वर्षांचे शेतकरी, एवढी गावं, सगळा चिवडा. इंटरनेटवरची फॉन्ट बदलायची साधनं दामिनीने लावून बघितली. अर्धी नावं सुधारली, अर्धी आणखी बिघडली. घनश्यामभाऊ म्हणाले, सोडून दे, नये सिरे से लिखेंगे. पण तुमचं काही हरवणार नाही, असं ती त्यांना म्हणाली होती.

घरी जेवताना खुशालने तिचा चेहरा बघून विचारलं. तिने सांगितलं.

“मंग तिलेच फोन कर ना,” तो म्हणाला.

दामिनी म्हणाली, तिला आता काय आठवणार. पण ते कारण नव्हतं. कामापुरता फोन करायचा, आणि एवढ्या वर्षांनी कामापुरताच, याची तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मिलमधूनच फोन लावला. रुचिकाने उचलला आणि कोणा ओळखीच्या बाईशी बोलावं तशी हिंदीत बोलली. मागे भांड्यांचा आवाज होता. दामिनीने पटकन कामाचं सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“तो प्रोग्राम अजून चालून राहिला?” रुचिकाने विचारलं. आता ती आपल्या बोलीत आली होती.

“आज चालून राहिला. उद्या काढीन.”

रुचिकाने कोणती चिन्हं कशाला दिली होती हे आठवायचा प्रयत्न केला. एक-दोन सांगितली, मग गोंधळली. शेवटी ती म्हणाली, असं तोंडी नाही सांगता येणार, मला दिसलं पाहिजे. तिच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. मुलीचा, सातवीतल्या खुशीचा, शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप होता. खुशी शाळेत आणि सासूबाई झोपल्या की दुपारी तो मोकळा असतो, असं ती म्हणाली.

दामिनीने तिला दूरवरून मशीन हाताळायचं साधन बसवायला सांगितलं, नंबर दिला. थोड्या वेळाने मिलच्या पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप हलला.

उमराव जेवायला गेला होता. खोलीत दामिनी एकटीच होती. बाण आधी चाचपडत इकडेतिकडे गेला, एक चुकीची खिडकी उघडून बसला. मग त्याला वाट सापडली. रुचिकाला जुनी सवय होती, विचार करताना ती बाण एका कोपऱ्यात नेऊन बारीक बारीक गोल फिरवायची. राउरकेल्यात बसून ती आता तेच करत होती. दामिनी त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. फोन कानाला तसाच होता.

“आहेस ना वं?” रुचिकाने विचारलं.

“आहे.”

दोघींनी कामाला हात घातला. रुचिका एकेक चिन्ह ओळखायची, दामिनी लिहून घेऊन नवीन मशीनवर तपासायची. हळूहळू चिवड्यातून माणसं बाहेर यायला लागली. चैतराम पटले आला, मंगरू उईके आला, तेढा, मुंडीपार, गोरेगाव आलं. एखादं नाव नीट उमटलं की रुचिका ते मोठ्याने वाचायची आणि विचारायची, हा तोच ना, जो पावतीवर नाव बघून फोटो काढून घेऊन गेला होता? दामिनी तिला सांगायची, कोण अजून येतो, कोण आता येत नाही. तीनच्या सुमाराला रुचिका एकदम म्हणाली, सासूबाई उठल्या, आणि बाण जागच्या जागी थांबला. पडद्यावर तो तसाच होता, पण आता त्याच्यामागे कोणी नव्हतं हे दामिनीला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही. दामिनी सकाळची बाकीची कामं उरकून दुपार मोकळी ठेवायला लागली. दुकानातल्या माणसांना वाटलं, नागरा रोडचं काम फारच किचकट दिसतं. काम किचकट होतंच, पण आता तेवढं राहिलं नव्हतं. सगळी चिन्हं सापडल्यावर एक छोटा प्रोग्राम लिहून उरलेली नावं एका झटक्यात बदलता आली असती. हे दामिनीला माहीत होतं. रुचिकालाही माहीत असणार, कारण असले प्रोग्राम लिहिणारी मुळात तीच. पण दोघींपैकी कोणी तो विषय काढला नाही. त्या हाताने एकेक गाव सोडवत होत्या. सालेकसा तालुक्याची गावं रुचिकाने स्वतःहून दुसऱ्या दिवसावर टाकली. म्हणाली, आज डोळे दुखून राहिले. आणि मग तिथल्याच कचारगडच्या यात्रेत आपण किती चाललो होतो त्याच्या गोष्टी सांगत बसली.

तिने घरचंही थोडंथोडं सांगितलं. हिमांशूच्या शिफ्ट असतात. सासूबाई, कुंदाबाई, मायेच्या आहेत पण त्यांना घरात माणूस लागतं. घराबाहेर मराठी बोलणारं कोणी नाही. दामिनीने खुशालचं सांगितलं, शेताचं सांगितलं. मंडईत यंदा दंडारीचा खेळ कुठे चांगला झाला ते सांगितलं. मधेच गप्प झाल्या तरी कोणालाच जड वाटत नव्हतं, कारण बाण हलत असायचा.

शेवटी घनश्यामभाऊ काट्याच्या खोलीत येऊन उभे राहिले. परवा खरेदी सुरू होणार होती. त्यांनी फार काही ऐकवलं नाही, फक्त विचारलं, कल हो जाएगा ना? दामिनी हो म्हणाली.

दुसऱ्या दुपारी तिने रुचिकाला तसं सांगितलं. रुचिकाने तो छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. एक-दोनदा अडली, जुनं काहीतरी विसरली होती, दामिनीने सुचवलं. मग चाल पकडली. ओळीमागून ओळी येत होत्या. दामिनी हात मांडीवर ठेवून बघत होती. प्रोग्राम चालला आणि राहिलेली सगळी नावं, सगळी गावं, बघता बघता मराठी झाली.

तेव्हा दामिनीने इतके दिवस मनात घोळत असलेलं बोलून टाकलं. म्हणाली, मिलांची कामं रोज येतात, नागपूरवाल्यांच्या प्रोग्रामच्या तक्रारी यायला लागल्या, घरी बसून करता येईल तुला, वर्षातून एक-दोनदा इकडे ये.

“तू ये ना वं,” दामिनी म्हणाली. “मले बाजूले कोनीतरी पाहिजे.”

बाण हलला नाही.

“दामिनी, इथं कोनाले माहीतच नाही मी हे काम करत होती,” रुचिका म्हणाली. “मी कधी सांगितलंच नाही. पहिल्या वर्षी कोनी विचारलं नाही, मंग सांगाले लाज वाटे. आता कायले सांगू?”

दामिनीने विचारलं, हिमांशूला पण नाही? रुचिका म्हणाली, त्याला एवढं माहीत आहे की मी कॉम्प्युटरचा क्लास केला होता. ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती. पाणी किती वाजता येतं हे सांगावं तसं सांगत होती. मग ती म्हणाली, खुशीची बस येईल. तिने स्वतःच जोडणी बंद केली. जेवून आलेल्या उमरावने विचारलं, झालं का? दामिनी म्हणाली, झालं. आणि जुनी मशीन बंद करून तिने तिच्या वायरी काढल्या.

खरेदी सुरळीत सुरू झाली. घनश्यामभाऊंनी पावतीवर मराठी नावं बघून दामिनीची चार लोकांत तारीफ केली. हे काम रुचिकाचं, असं तिने त्यांना सांगितलं. त्यांना ती आठवत होती, पण अंधुकच.

दुपारी मात्र दामिनीला करमेना. जेवण झालं की हात फोनकडे जायचा. दोनदा तिने फोन केलाही, पण सांगायला काम नव्हतं आणि रुचिकाकडे पाहुणे होते. बोलणं पुन्हा ‘ठीक आहेस ना’वर आलं. डिसेंबर असाच गेला. एका रात्री खुशाल तिला म्हणाला, ती नाही येऊ शकत तर तू जा. राउरकेल्याला गोंदियावरून सरळ गाडी आहे. दामिनीला नवल वाटलं. एवढी वर्षं ती रुचिका कधी येईल याचीच वाट बघत होती, त्याच रुळांवरून आपणही जाऊ शकतो हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

जानेवारीत ती गेली. रुचिका स्टेशनवर घ्यायला आली होती, हिमांशूही आला होता. रुचिका अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. दोघी एकमेकींना भेटल्या, हसल्या, आणि मग हिमांशूने बॅग उचलली. घरी कुंदाबाईंनी प्रेमाने जेवू घातलं. गोंदियाकडचं माणूस आलं म्हणून सोसायटीतल्या बायका भेटायला आल्या. खुशीने शाळेतला नाच दाखवला. हिमांशूने कारने धरण दाखवून आणलं. सगळे इतके चांगले वागत होते, की दामिनीला कशाबद्दल काही म्हणायला जागा नव्हती. पण दोन दिवसांत ती आणि रुचिका एकट्या अशा सापडल्याच नाहीत. सापडल्या तेव्हा स्वयंपाकघरात, आणि तिथे रुचिका तिला पाहुणीसारखं बसवून ठेवायची, हात लावू द्यायची नाही. मिलच्या खोलीत ती मला याहून जवळ होती, असं दामिनीला रात्री अंथरुणात वाटलं, आणि असं वाटल्याचं वाईटही वाटलं.

परतीच्या दिवशी हिमांशूची शिफ्ट होती. त्यामुळे रुचिका एकटीच तिला स्टेशनवर सोडायला आली. गाडी उशिराने येणार होती, किती उशिराने ते कोणी सांगत नव्हतं. दोघी फलाटावरच्या बाकावर बसल्या. मग रुचिकाने विचारलं, तो नागपूरवाला प्रोग्राम काटा हलत असताना वजन घेतो कसा, किती वेळ थांबतो? दामिनी म्हणाली, तीच तर भानगड आहे, पाऊस-वारा असला की चुकीचं घेतो, आमगावच्या मिलची रोज तक्रार असते. रुचिका म्हणाली, कारण ते एकच वजन वाचत असतील, आपण पाच घेऊन ताडून बघत होतो. दामिनीला ते आठवतच नव्हतं. रुचिकाने पर्समधून बिस्किटाच्या पुड्याचा कागद काढला, त्यावर पेनाने दाखवायला लागली. दामिनी मधेच म्हणाली, असं नाही, आता काटेच वेगळे येतात. दोघींचं भांडण जुंपलं. समोरच्या बाकावरचा माणूस बघत होता. मालगाड्या जात होत्या, त्यांच्या आवाजात त्या ओरडून बोलत होत्या. रुचिकाचा चष्मा नाकावर घसरला होता. दोन दिवसांत पहिल्यांदा ती दामिनीच्या ओळखीची दिसत होती.

बोलता बोलता रुचिका म्हणाली, काल रात्री हिमांशूले सांगितलं मी.

“काय म्हणला?”

“म्हणला, इतके वर्षं काऊन नाही सांगितलं. सकाळी शिफ्टले जाता जाता म्हनून गेला, मिलांचं काम करून पाहा, हो म्हन तुझ्या मैत्रिणीले.” ती कागदाकडे बघत होती. “पन मी हो नाही म्हटलं अजून. मले वेळ लागन.”

दामिनीने घाई केली नाही. तिने फक्त विचारलं, पाच वजनांतलं एखादं फारच वेगळं आलं तर? रुचिका समजावून सांगायला लागली. तेवढ्यात गाडी फलाटावर येत असल्याची घोषणा झाली. एवढी लेट झालेली गाडी नेमकी आत्ताच कशी आली, असं दोघींच्याही चेहऱ्यावर आलं. डबा पुढे होता. दोघी एक एक पट्टा धरून बॅग घेऊन पळाल्या. रुचिका पळतानाही बोलतच होती, आणि दामिनी दारात चढून वळली तेव्हाही तिचं वाक्य पुरं व्हायचं होतं. गाडी हलली. रुचिका दोन-चार पावलं बरोबर चालत आली आणि थांबली. दामिनी दाराच्या दांड्याला धरून उभी राहिली, फलाट संपून बराच वेळ झाला तरी.